सोमवारपासून उलटं मोज

ताई,

मी मूळची साताऱ्याची, फिजिओथेरपिस्ट. गेल्या सप्टेंबरपासून आफ्रिकेतल्या मलावीत, ब्लांटायरच्या एका रुग्णालयात वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून आले आहे. जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळांना दर आठवड्याला प्लास्टर घालतात, त्या क्लिनिकमध्ये मी मदत करते. क्लिनिक सोमवारी असतं.

मे महिन्यात आम्ही सहा स्वयंसेवक शनिवार-रविवार जोडून मुलांजे डोंगरावर गेलो. सपित्वा शिखर गाठायचं ठरलं होतं. बाकी पाचही जण युरोपातले. पायथ्याला पोर्टर आणि वाटाडे उभे होते, पण आमच्यातला एक जण म्हणाला, गोऱ्यांनी काळ्यांच्या डोक्यावर ओझी द्यायचे दिवस संपले, आपलं आपण उचलू. मी काही गोरी नाही, पण मलाही ते पटलं. माझ्या बाबांच्या वयाचा माणूस माझी सॅक उचलणार, ही कल्पनाच नको वाटली. शिवाय सह्याद्रीत मी चाळीसेक किल्ले केलेत, वाटाड्या कशाला हवा, हाही तोरा होताच.

रविवारी शिखराच्या अलीकडे धुकं आलं. मी आणि एक मुलगी थांबलो, चौघं वर गेले. ते डोंगरावरच्या मुक्कामाच्या झोपडीत परतले तेव्हा काळोख पडला होता. सोमवारी उतरलो, तर गाडीत डिझेल नाही आणि पंप कोरडे. मंगळवारी सकाळी ब्लांटायरला पोचलो. आमच्या इन्चार्जनी सोमवारी अकरा बाळांचं प्लास्टर एकट्याने घातलं. एका आईची शेवटची मिनीबस चुकली, ती बाळाला घेऊन वॉर्डाच्या व्हरांड्यात झोपली. इन्चार्ज मला एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हापासून मन खातंय. सेवेला आलेल्या माणसाने अशी मजा करावी का? ग्रुप पुन्हा जायचं म्हणतोय, आणि ‘तू अर्ध्यातून परतलीस’ म्हणून चिडवतोय. जाऊ का? आईला मी ‘ड्यूटी आहे’ असं सांगितलं होतं. चुलतभावाने तिला फोटो दाखवले. ती एवढंच म्हणाली, ‘ड्यूटी डोंगरावर असते होय गं?’

— एक फिजिओथेरपिस्ट, ब्लांटायर

---

तुझ्या आईचं वाक्य वाचून मी मोठ्याने हसले, आणि व्हरांड्यात झोपलेल्या बाईपाशी आल्यावर गप्प झाले. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्याचं एक कारण तुला सांगायला हवं. १९८९ ते १९९३ मी लिंब्याला राहिले आहे. हो, तेच, ब्लांटायरला चिकटलेलं लिंबे. माझा नवरा तिथे एका चहाच्या कंपनीत हिशेब बघायचा. तू साताऱ्याची, म्हणजे बारा मोटांच्या विहिरीचं लिंब तुला माहीत असणार. माझी सासू शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, ‘मुलगा लिंबला असतो’, आणि त्या म्हणायच्या, ‘मग येत का नाही घरी?’

तर मुलांजे मी पाहिलाय. चहाच्या हिरव्या सपाटीतून तो डोंगर एकदम उभा राहतो. मधे टेकड्या नाहीत, चढती जमीन नाही, काही पूर्वसूचनाच नाही. सहा-सातशे मीटर उंचीच्या पठारावरून काळ्या-करड्या खडकाच्या भिंती सरळ वर जातात, आणि पहाटे त्यांच्या कमरेभोवती ढग असतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या बाईने माझ्या तोंडाकडे बघून हसत काहीतरी म्हटलं होतं. ते कळायला मला पुढे सहा महिने चिचेवा, म्हणजे तिथली भाषा, शिकावी लागली.

आता तुझे प्रश्न.

मजा करावी का, याचं उत्तर चटकन देते: करावी. तू तिथे व्रताला बसलेली नाहीस. तुझ्या वॉर्डातली परिचारिका रविवारी चर्चमध्ये जाते, गाते, लग्नाला जाऊन नाचते, आणि सोमवारी ताजी होऊन येते. तिला कोणी विचारत नाही, इतकी गरिबी असताना तू नाचलीस कशी? मग तुलाच का विचारायचं? आपण बाहेरून आलो म्हणून आपण सतत कष्टी दिसलं पाहिजे, या समजुतीत मला थोडा अहंकारही दिसतो. मुलांजे हा तिथल्या माणसांचा डोंगर आहे. त्यांच्या नद्या तिथून येतात, त्यांचे पूर्वज तिथे राहतात असं ते मानतात. तो न बघता तू वर्षाने परत आलीस, तर तुला फक्त प्लास्टरची बादली आणि हॉस्टेलची खोली दिसली, एवढंच होईल. गेल्या वर्षी जुलैत पॅरिसच्या ज्या बैठकीत आपले शिवनेरी, राजगड, रायगड असे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्याच बैठकीत मुलांजेही गेला. तुझ्या वॉर्डात ही गोष्ट सांगून बघ. तुमचा डोंगर आणि आमचे गड एकाच वेळी, म्हटल्यावर चहा नक्की मिळेल.

तेव्हा डोंगरावर जाण्याबद्दल मन खात असेल, तर ते भलत्या ठिकाणी खातंय. खायला हवं असं दुसरंच आहे, आणि तू ते पत्रात अगदी सरळ लिहिलं आहेस: अकरा बाळं.

या कामातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. वळलेलं पाऊल हाताने थोडं थोडं सरळ करत न्यायचं, प्रत्येक वेळी जेवढं आलं तेवढ्यावर प्लास्टर घालायचं, आठवड्याने ते काढून पुन्हा थोडं पुढे. अशी पाच-सहा प्लास्टरं. बरेचदा आयांना सांगितलेलं असतं की निघण्याआधी घरीच पाण्यात भिजवून जुनं प्लास्टर सोडवा, म्हणजे इथे वेळ जात नाही. म्हणजे ती बाई सोमवारी पहाटे उठली असेल, बाळाचा पाय बादलीत धरून बसली असेल, प्लास्टर सोडवलं असेल, पाठीला चितेंजेत, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात त्या कापडात, बाळ बांधून मिनीबसमध्ये चढली असेल. तिच्या बाजूने तिचं काम पुरं झालं होतं. आणि तिला एक माणूस कमी मिळाला.

तू आजारी पडली असतीस तरी हे झालं असतं. पण मग कोणीतरी सकाळी निरोप दिला असता, इन्चार्जनी दुसऱ्या कोणाला बोलावलं असतं, काही बाळांना मंगळवारी या म्हटलं असतं. तू कुठे आहेस हेच कोणाला माहीत नव्हतं, म्हणून त्यांना काहीच करता आलं नाही. डिझेल संपणं तुझ्या हातात नव्हतं. पण मलावीत गेली काही वर्षं पंपांवर रांगा लागतात, हे तुला मे महिन्यापर्यंत माहीत होतं. रविवारी रात्री झोपडीत बसल्यावर उद्या आपण पोचत नाही, हेही कळलं होतं. तेव्हाच कोणीतरी एखाद्या खडकावर चढून मोबाइलची एक काडी शोधायला हवी होती.

इन्चार्ज बोलले नाहीत, याचा अर्थ विसरले असा नाही. मलावीत मोठी माणसं चारचौघांत राग काढत नाहीत, तो हलकेपणा समजतात. मला तिथे सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ती. माझ्या एका मोठ्या चुकीनंतर माझ्या शेजारीण बाईंनी आठवडाभर माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलून मला अर्धमेलं केलं होतं. तेव्हा तू जा, एकट्यात गाठ, आणि सांग की चूक झाली. डिझेलची गोष्ट सांगू नकोस, त्यांनी विचारली तरच सांग. चॉकलेटचा डबा वगैरे नेऊ नकोस. पुढचे काही सोमवार बादल्या घासायचं, जुन्या प्लास्टरचे तुकडे गोळा करायचं काम न सांगता स्वतःकडे घे. आणि ती आई पुन्हा येईल ना, आठवड्याला येतेच आहे. तिला ‘पेपानी’ म्हण, म्हणजे ‘माफ कर’. नुसतं तेवढं. ती बहुतेक हसून सोडून देईल आणि तुला आणखी वाईट वाटेल. ते वाटू दे.

आता पोर्टर. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण या बाबतीत तुमच्या त्या मित्राने तुला चांगलंच गोंडस कारण देऊन फसवलं आहे, आणि तोही त्यात फसला आहे.

डोंगराच्या पायथ्याला लिखुबुलाच्या वनखात्याच्या ठाण्यासमोर जी माणसं उभी असतात, ती दारात आलेल्या प्रत्येकाच्या मागे लागणारी माणसं नव्हेत. तिथे नावांची यादी असते, पाळी असते. ज्याची पाळी, तो जातो. एखाद्याची पाळी दोन-तीन आठवड्यांनी येते. तो सकाळी गावातून चालत आलेला असतो, बायकोने मक्याचं पीठ बांधून दिलेलं असतं, आणि त्या दिवशी तो घरी पैसे घेऊन जाणार हे घरात सगळ्यांना माहीत असतं. मग सहा तरुण येतात, त्याच्याकडे बघून सौजन्याने हसतात, आणि स्वतःच्या सॅका स्वतः उचलून निघून जातात. त्याला समतेचा काय लाभ झाला, मला सांग. तो पीठ घेऊन घरी परत गेला.

तुझ्या मनात जे आलं ते मी समजू शकते. बाबांच्या वयाचा माणूस. मलाही तसंच वाटलं होतं. पण तू हरिश्चंद्रगडासाठी पाचनईत किंवा कळसूबाईसाठी बारीत उतरतेस, गावातल्या कोणा काकांना वाटाड्या घेतेस, त्यांच्याच घरी पिठलं-भाकरी खातेस, पैसे देतेस, वर ‘काका, पुढच्या खेपेला पण तुम्हीच’ म्हणतेस. तेव्हा नाही ना तुला पाप लागत? मग साडेतीन हजार मैलांवर गेल्यावर तेच काम अपमानाचं कसं झालं? ओझ्यात अपमान नाही. अपमान कमी पैसे देण्यात आहे, जेवायला न विचारण्यात आहे, पावसात त्याला बाहेर बसवून आपण आत शेकत बसण्यात आहे.

आणि हे लोक काय दर्जाचे चालणारे आहेत, हे तुझ्या मित्राला माहीत नसावं. १९९६ पासून तिथे पोर्टर लोकांची शर्यत होते. लिखुबुलापासून वर पठारावर, तिथले चांबे आणि लिचेन्या हे भाग करून पुन्हा खाली. वीस-पंचवीस किलोमीटर, आणि चढ-उतार असा की आपण दोन दिवस घेऊ. पहिला येणारा अडीच तासांच्या आत खाली असतो. माझ्या काळात शर्यत नव्हती, पण मी सिडारच्या फळ्या वाहणारे पाहिलेत. अनवाणी, डोक्यावर आपल्या दाराच्या चौकटीएवढी लांब फळी, आणि ओल्या खडकावरून ते धावत उतरायचे. धावत. कारण थांबलं तर फळी जड होते, असं एकाने मला सांगितलं होतं.

माझी गोष्ट सांगते, म्हणजे तुला कळेल मी एवढी का तापले. १९९१ च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं गेलो होतो. त्या काळी राष्ट्राध्यक्ष बांडांचं राज्य होतं आणि बायकांनी पँट घालायला कायद्याने बंदी होती. मी लिखुबुलापर्यंत लांब स्कर्टमध्ये गेले, झाडामागे पँट घातली, आणि उतरताना परत त्याच झाडामागे स्कर्ट. आमच्याबरोबर एक पोर्टर होते, पन्नाशीचे, फार न बोलणारे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये फालोंबेच्या बाजूला डोंगर खाली आला होता, चिखल आणि शिळांच्या लोंढ्यात गावं गेली, शेकडो माणसं मेली. डोंगराच्या पोटात नापोलो नावाचा नाग असतो, तो कूस बदलतो तेव्हा असं होतं, असं तिकडे म्हणतात. चढताना एका वळणावरून फालोंबेकडची बाजू थोडी दिसते. तिथे त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि चालायला लागले. आम्ही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पठारावर चालताना धुकं आलं. तू पाहिलं आहेस ते. समोरचा माणूस हात लांब करतो तोवर त्याचा हात दिसेनासा होतो. माझा नवरा म्हणाला, वाट तर पायाखाली आहे, चालत राहू. तशी वाट पायाखाली दिसत होती खरीच. पोर्टर म्हणाले, ‘दिकिरानी.’ थांबा. आणि एका कलत्या खडकाखाली आम्हाला बसवून, स्वतः तोंडाशी बसले. दोन तास. नवऱ्याने दोनदा उठायचा प्रयत्न केला, दोनदा त्यांनी मान हलवली. मी डब्यातली गुळपापडी काढली. त्यांनी आपल्या पुडीतली वाळवलेली उसिपा मासळी पुढे केली. नवरा शाकाहारी, त्याने गुळपापडीच खाल्ली. धुकं फाटलं तेव्हा आमच्यापुढे वीस पावलांवर वाट उजवीकडे वळत होती, आणि सरळ गेलं असतं तर एक गुळगुळीत उतरता कातळ होता, पाणी झिरपणारा, खाली कुठे संपतो ते दिसत नव्हतं.

म्हणून सांगते, पोर्टर सॅकसाठी घेऊ नकोस. सॅक हे निमित्त. ‘दिकिरानी’ म्हणणारा माणूस बरोबर असावा म्हणून घे.

चाळीस किल्ले केलेस, फार छान. पण सह्याद्रीचा अनुभव तिथे अर्धाच कामाला येतो. कळसूबाई १,६४६ मीटर. मुलांजेचं नुसतं पठारच त्याहून उंच आहे, आणि चिसेपोची झोपडी, जिथे तुम्ही मुक्काम केलात, ती २,२०० मीटरच्या आसपास. सपित्वा ३,००२. बारीतून कळसूबाई चढायला जेवढं चढतेस, लिखुबुलापासून सपित्वा त्याच्या दुपटीहून जास्त. शेवटच्या टप्प्यात वाट अशी नसतेच, प्रचंड शिळांचा ढीग आणि त्यांवर रंगवलेल्या लाल खुणा. कुठे शिळांच्या मधून सरपटत जायचं, कुठे हाताने ओढून वर घ्यायचं. धुक्यात त्या लाल खुणा जातात, आणि मग प्रत्येक शिळा सारखीच. २००३ मध्ये एक परदेशी तरुणी एकटी तिकडे गेली, मोठा शोध झाला, ती आजवर सापडलेली नाही.

आणि आपल्याकडे मे-जून म्हटलं की उकाडा, मग पाऊस. तिथे उलटा कारभार. मे ते जुलै थंडी, आणि त्यात मोझांबिककडून चिपेरोनी येते, म्हणजे ओला गार वारा, भुरभुर आणि धुकं. आली की तीन-तीन, पाच-पाच दिवस बसते. दिवसही लहान. साडेपाचच्या आत सूर्य गेलेला असतो. तुझे चौघं मित्र काळोखात परतले ते नशिबाने. यात शौर्य कसलं?

सपित्वा या नावाचाच अर्थ ‘तिकडे जाऊ नये’ असा सांगतात. वर कुठे अन्न ठेवलेलं दिसलं तर तिथेच बसून खावं, बरोबर नेऊ नये, असंही सांगतात. मी या गोष्टींवर विश्वास ठेवते का, हा प्रश्नच नाही. ज्या डोंगराला गावाने असं नाव दिलं, तिथे धुक्यात खाली बसणारी मुलगी ‘अर्ध्यातून परतली’ असं म्हणणाऱ्यांना तो डोंगर कळलेला नाही. तू थांबलीस, आणि दुसऱ्या मुलीलाही एकटं सोडलं नाहीस. त्या सबंध सहलीत शहाणपणाची तेवढी एकच गोष्ट झाली, ती तू केलीस. चिडवू देत.

पुन्हा जाऊ का? जा. पण त्यांना दाखवून द्यायला जात असशील तर नको.

आणि गणित मांडून जा. आपण सहलीचं गणित शनिवारपासून मांडतो, किती वाजता निघायचं, कुठे पोचायचं. तू सोमवारपासून उलटं मोज. सोमवारी सकाळी साडेसातला तू क्लिनिकमध्ये अंघोळ करून उभी आहेस. म्हणजे रविवारी संध्याकाळी सहाला घरात. म्हणजे दुपारी तीनपर्यंत लिखुबुलाहून बाहेर, कारण मिनीबस मिळते त्या चिताकालेपर्यंत कबाझा, म्हणजे भाड्याची सायकल-मोटारसायकल, मिळायला आणि मग मिनीबस भरायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. ती भरल्याशिवाय हलत नाही. म्हणजे झोपडीतून अकराच्या आत उतरायला लागायचं. चिसेपोहून सपित्वा करून परत यायला सहा ते आठ तास. आता तूच बघ. दोन दिवसांत सपित्वा बसतच नाही. तुमची सहल शुक्रवारीच चुकलेली होती.

दोन दिवसांत बसतं ते चांबे किंवा लिचेन्या. लिखुबुलाहून चांबेच्या झोपडीपर्यंत तीन-चार तासांची खडी चढण. झोपडीचा राखणदार लाकडं पेटवतो, बादलीभर पाणी तापवून देतो, सकाळी पठारावर हिंडायचं आणि जेवायच्या आधी उतरायला लागायचं. त्याहून कमी वेळ असेल तर वर मुक्कामालाही जाऊ नकोस. लिखुबुलाहून तासाभरावर झिवे ला न्खलांबा आहे, म्हाताऱ्यांचा डोह म्हणू या, धबधबा आणि गार पाणी. मी शेवटची गेले तेव्हा माझं वय चौतीस होतं आणि मी तिथेच पडून राहिले होते, मला अजिबात लाज वाटली नाही. फक्त वर पाऊस झालेला असेल तर ओढ्यात पाय घालू नकोस. तिथलं पाणी सांगून चढत नाही.

सपित्वाच करायचा असेल तर तीन दिवस हवेत. यंदा ६ जुलै, त्यांचा स्वातंत्र्यदिन, सोमवारी येतोय. शनिवारी सकाळी आठला लिखुबुला, संध्याकाळच्या आत चिसेपो. रविवारी उजाडताच निघायचं, आणि अकरा वाजले की जिथे असाल तिथून मागे. शिखर दहा मिनिटांवर दिसत असलं तरी मागे. सोमवारी दुपारपर्यंत खाली. पण त्याआधी एक गोष्ट विचारून घे: सुट्टीमुळे क्लिनिक मंगळवारी घेणार आहेत का? घेणार असतील तर तुझा सोमवार मंगळवारी आहे, एवढं लक्षात ठेव. कुठे जातेय, कोणत्या झोपडीत, परत कधी, हे कागदावर लिहून इन्चार्जच्या टेबलावर ठेव. गाडी नेणार असाल तर परतीचं डिझेल ब्लांटायरमध्येच टाकीत असू दे. आणि चिपेरोनी बसलेली दिसली तर शुक्रवारी रात्रीच ऑगस्टवर ढकल. ऑगस्ट चांगला असतो.

पोर्टरचा रोजचा दर ठाण्यावर ठरवून घे, घासाघीस करू नकोस. त्याच्या जेवणाचं सामान तुमच्या यादीत धर. रात्री त्याच्याकडे पांघरूण आहे का, ते विचार. माझ्या वेळी जाड करड्या घोंगड्या मिळत, त्यांनाही चिपेरोनीच म्हणायचे. थंडी आणि पांघरूण दोघांचं एकच नाव, मला फार आवडायचं ते. तुमच्या त्या तत्त्वनिष्ठ मित्राला सांग, सगळ्यांची सॅक दोघा पोर्टरांवर लादायची नाही, माणसागणिक एक घ्या. त्याला पटलं नाही तर तू तुझा घे आणि पुढे चाल. दिवसाअखेर तोच तुझ्या पोर्टरला वाट विचारेल.

लिखुबुलाच्या वाटेवर मुलं सिडारच्या कोरीव पेट्या विकायला येतील. माझ्याकडे आहे एक, देवघराखालच्या कप्प्यात, पस्तीस वर्षं झाली, अजून झाकण उघडलं की वास येतो. तू घेऊ नकोस. मुलांजेचा सिडार जगात नैसर्गिकपणे फक्त त्या डोंगरावर वाढतो, त्यांचा राष्ट्रीय वृक्ष आहे, आणि तोडून तोडून जवळजवळ संपवला आहे. आमच्यासारख्यांनी पेट्या घेतल्या, त्याचा त्यात वाटा आहेच. केळी घे त्यांच्याकडून. चहाच्या मळ्यांखालची केळी फार गोड असतात.

आईला आज रात्री फोन कर. सपित्वाचं, धुक्याचं, काळोखाचं सगळं सांग, आधी घाबरेल, मग ओरडेल, मग विचारेल जेवायला काय केलं होतंत. न्सिमा म्हणजे मक्याची उकड, असं सांगितलंस की तिला कळेल. व्हरांड्यातल्या बाईची गोष्टही तिला सांग. माझ्यापेक्षा तीच तुला नीट ओरडेल.

आणि चांबेला गेलीस तर एक काम कर. सकाळी झोपडीच्या ओसरीवर बसलं की समोर चांबेचा कातळ आहे. पहिलं ऊन त्याच्यावर पडतं तेव्हा तो करड्याचा एकदम मधाच्या रंगाचा होतो, आणि पाच मिनिटांत परत करडा. अजून तसाच होतो का, ते मला लिहून कळव.